माऊच्या नाकासमोरचा बांगडा

माऊच्या अगदी तोंडापुढे बांगड्याचा तुकडा टाकला तरी ती कधीकधी इकडेतिकडे हुंगत बसते आणि घरातले म्हणतात, काय वेंधळी आहे ही! वेंधळी वगैरे काही नाही हो, मांजराला साधारण २५ सेंटिमीटरच्या आतलं नीट दिसतच नाही, डोळ्याचं भिंग इतक्या जवळ फोकस होत नाही.

हा डोळा तयार झालाय तो तिन्हीसांजेच्या शिकारीसाठी. दुपारी उन्हात बाहुली उभ्या चिरेएवढी असते, तीच अंधार पडायला लागला की गोल गरगरीत होते, आणि पडद्याच्या मागे एक चकचकीत थर असतो तो आत आलेला उजेड परत पडद्यावर फेकतो, रात्री टॉर्च मारल्यावर हिरवे डोळे चमकतात ना, ते याच्यामुळेच. आपल्याला लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याच्या उजेडात तिचं भागतं. पूर्ण काळोखात मात्र तिलाही काही दिसत नाही.

पण शिकारीची सुरुवात बहुतेक वेळा कानापासून होते. आता हे बघा, तांदळाच्या पिंपामागे काहीतरी खुडबुडलंय, आपल्याला पत्ताही नाही, आणि हिचा एक कान तिकडे वळलाय, दुसरा अजून दाराकडेच आहे. दोन्ही कान वेगवेगळे फिरतात. आपल्याला जास्तीत जास्त २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६० हजाराच्याही पुढे, आणि उंदरांचं आपसातलं बरंचसं बोलणं याच वरच्या पट्टीत चालतं. म्हणूनच उंदीर पळवायला प्लगमध्ये लावतात ते आवाजाचं मशीन मांजराच्या घरात अजिबात लावू नका, आपल्याला शांतता वाटते पण तिच्या कानात ते सतत वाजत राहू शकतं.

आता झडप. उंदीर तोंडाशी आला की डोळ्यांचा उपयोग संपला, मग मिशा पुढे येतात, अक्षरशः पुढे, पंख्यासारख्या उघडून भक्ष्याभोवती. मिशीचं मूळ कातडीत खोल असतं, भोवती रक्ताची पिशवी आणि मज्जातंतूंचं जाळं, त्यामुळे केस जरासा वाकला तरी लगेच कळतं, हवा हलली तरी कळतं. पुढच्या पायांच्या मागच्या बाजूलाही असे केस असतात, पंजात धरलेलं अजून हलतंय का ते त्यांच्यावरून समजतं. लहान मुलं गंमत म्हणून मिशा कापतात, कृपा करून कापू देऊ नका.

आणि नाक! पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे मिटलेले, कान बंद, तरी वासावरून आईचं दूध बरोबर शोधतं. मोठेपणी कुठे दुसऱ्या बोक्याचा वास लागला की तोंड अर्धवट उघडं ठेवून, वरचा ओठ दुमडून थांबते, किळस आल्यासारखी दिसते, पण ती तो वास टाळूतल्या एका वेगळ्या इंद्रियाकडे पोचवत असते.

गोड चव मात्र तिला कळत नाही. २००५ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी दाखवलं की गोड ओळखायला लागणारं एक जनुक मांजरांमध्ये बंद पडलेलं आहे. बासुंदीच्या पातेल्याशी ती घुटमळते ती दुधातल्या स्निग्धपणासाठी, साखरेसाठी नाही, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही.

दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला, आपल्या पायाला ती गाल घासते, गालातल्या ग्रंथींचा वास तिथे लागतो आणि घर तिच्या ओळखीचं होतं. रोज उग्र फिनेलने ते सगळं पुसलं की तिला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. फरशी जरूर पुसा, पण ती गाल घासते तो चौकटीचा खालचा कोपरा तेवढा सोडा.