आरशाच्या कडेवरची टिकली

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या मावशीकडे एक जुनं लोखंडी कपाट आहे. त्याच्या दाराला आरसा आहे आणि आरशाच्या डाव्या कडेला चार-पाच टिकल्या चिकटवलेल्या असतात, मरून रंगाच्या, अगदी बारीक. घरात वावरताना मावशी टिकली लावते. बेल वाजली की आधी आरशापाशी जाते, टिकली काढते, कडेला चिकटवते आणि मग दार उघडते. काका जाऊन अकरा वर्षं झाली. मुलं तर म्हणतात, आई, राहू दे गं. तरी बेल वाजली की तिचा हात कपाळाकडे जातो.

आज मला त्या हाताबद्दल बोलायचं आहे.

बाईच्या सौंदर्याचा विषय निघाला की आपण रंग, नाकडोळे, केस यांवर येतो. पण त्याही आधीचा प्रश्न म्हणजे नटायचं कुणी आणि कुणाच्या परवानगीनं. सवाष्णीचं कपाळ मोकळं दिसलं तर लगेच विचारतात, ‘हे काय, कुंकू कुठंय?’ विधवेच्या कपाळावर तेच कुंकू दिसलं तर कुजबुज सुरू होते. एकीला सक्ती, दुसरीला बंदी. कपाळ दोघींचंही स्वतःचं नाही.

हे आपल्या भाषेत फार पूर्वी आणि फार रोखठोक बोललं गेलंय. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. सुरतेच्या एका तरुण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली होती आणि त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीला दूषणं दिली जात होती. ताराबाईंनी उलट विचारलं, की बायको मेल्यावर तुम्ही का नाही दाढीमिशा भादरून रानात जाऊन राहत? मला हा प्रश्न कुठल्याही विद्वत्तापूर्ण ग्रंथाइतका मोलाचा वाटतो. नवरा गेला की बाईचं रूप काढून घ्यायचं, बायको गेली की पुरुषाचं काहीच नाही. मग ते रूप तिचं नव्हतंच, नवऱ्याच्या नावावर होतं.

काढून घेणं म्हणजे केशवपन. ही चाल मुख्यतः ब्राह्मण आणि काही उच्चवर्णीय घरांतली होती, हे सांगायलाच हवं. पण वस्तरा ज्यांच्या हातात, त्यांची जात वेगळी होती. १८९० मध्ये सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. पोटावर पाय येण्याची भीती असताना कष्टकरी पुरुषांनी घेतलेला हा निर्णय मला स्त्रीवादाच्या इतिहासातलं एक तेजस्वी पान वाटतो. शाळेत मला हे कुणी शिकवलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

वस्तरा गेला. मग मावशीचा हात कशाला भितो?

फ्रान्समध्ये सिमोन द बोव्हुआर यांनी १९४९ मध्ये लिहिलं की बाई जन्मत नाही, ती घडवली जाते. पुढे अमेरिकेत सँड्रा बार्टकी या तत्त्वज्ञ बाईंनी त्या घडण्यातली एक बारीक गोष्ट पकडली. त्यांचं म्हणणं असं, की पाहणारा पुरुष समोर असावा लागत नाही. तो आपल्याच मनात बसवलेला असतो. चौकीदार निघून गेला तरी पहारा चालू राहतो, कारण पहारा आता आपणच देतो. पोट आत घेऊन फोटोला उभं राहणं, उन्हात रापू नये म्हणून जपणं, सगळं त्याच पहाऱ्यातलं. गोरेपणाचं आपल्या ओळखीचं क्रीम १९७५ मध्ये बाजारात आलं आणि २०२० मध्ये त्याच्या नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. लग्नाच्या जाहिरातीत मुलगी मात्र अजून गोरीच हवी असते.

मुली मला विचारतात, ‘पण मला आवडतं म्हणून मी नटते, त्याचं काय?’ नटावंच. मलाही काठाची साडी आणि मोगऱ्याचा गजरा जिवापाड आवडतो. मी स्वतःला एवढंच विचारते, की आज हे नाही केलं तर मला काही किंमत मोजावी लागेल का? बोलणी खावी लागतील, स्थळ जाईल, नोकरीत मागे पडेन? असं असेल तर त्याला आवड म्हणताना माझी जीभ अडखळते.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ती बातमी मी मावशीला वाचून दाखवली होती. ती ऐकत होती, शेंगा सोलत होती. ‘बरं केलं त्यांनी,’ एवढंच म्हणाली.

परवा तिचा फोन आला. म्हणाली, ‘शुक्रवारी ये गं, चैत्रातलं हळदीकुंकू आहे.’

मी विचारलं, ‘कुणाकडे?’

‘माझ्याकडे. शेजारच्या सगळ्यांना बोलावलंय, ज्यांना कुणी बोलवत नाही त्यांनाही. डाळ-पन्हं मी करते, गजरे तू आण.’

किती आणू, तेवढं विचारायचं राहिलंय.