रिपोर्ट सगळे बरे, आणि कुत्री खंगत चाललेली

नमस्कार. मी पशुवैद्य, आणि तुम्ही म्हाताऱ्या, आजारी कुत्र्यांची सेवा करणारे, म्हणून दवाखान्यात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य आधी सांगते. ‘डॉक्टर, नेमकं काय होतंय ते सांगता येत नाही, पण हा पहिल्यासारखा राहिला नाही.’ उलटी नाही, जुलाब नाही, ताप नाही. खातो, पण निम्मं टाकतो. हाक मारली की बघतो, पण उठत नाही. मी तपासते, रक्त पाठवते, सोनोग्राफी करून घेते आणि दोन दिवसांनी सांगते की रिपोर्ट बरे आहेत. हे ऐकून समोरच्याचा जीव भांड्यात पडायला हवा, पण तसं होत नाही. घरी कुत्रा होता तसाच पडून असतो.

या अवस्थेत मी स्वतः अकरा महिने काढले. एरवी टेबलाच्या अलीकडे असते, तेव्हा पलीकडे होते.

आमची चिंगी तेरा वर्षांची. पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. आई दिवसभर घरी, चिंगी तिच्या पायाशी. एका संध्याकाळी आई म्हणाली, ‘अगं, हिचं काहीतरी बिनसलंय.’ मी दमून आले होते. चिंगीच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘वय झालंय आई तिचं.’ जे वाक्य माझ्या हाताखालच्या मुलांना मी कधी बोलू देत नाही, तेच मी घरात बोलले. वय हा आजार नाही. वयाने आजार लवकर जडतात आणि उशिरा बरे होतात, एवढं खरं. पण ‘वय झालं’ म्हटलं की शोधणंच थांबतं, आणि ज्यावर सहज उपाय होता ते दुखणंही तसंच राहून जातं.

आई काय बघत होती ते मला नंतर कळलं. चिंगीच्या चालण्याचा आवाज बदलला होता. फरशीवर नखांची टक-टक-टक असायची, तिथे टक-टक-खर्र येत होतं. मागचे पाय उचलायचे तेवढे उचलले जात नव्हते. पंजा उलटा करून पाहिला, तर मधल्या दोन नखांची वरची बाजू घासून सपाट झाली होती. हे रक्ताच्या कुठल्याही तपासणीत दिसत नाही. जमिनीवर बसून पंजा हातात घ्यावा लागतो.

आता रिपोर्टबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण ‘सगळं नॉर्मल’ या शब्दांनी माणसं फार हवालदिल होतात. रिपोर्टवर नॉर्मलचा जो पट्टा छापलेला असतो, तो साधारण असा ठरतो: बऱ्याच निरोगी कुत्र्यांचे आकडे घ्यायचे आणि मधली ९५ टक्के ज्या हद्दीत बसतात ती हद्द धरायची. ती हद्द सगळ्या कुत्र्यांची असते, तुमच्या एकट्याची नसते. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकतं तो एक टाकाऊ पदार्थ; मूत्रपिंड थकलं की तो रक्तात वाढतो. चिंगीचं क्रिएटिनिन नवव्या वर्षी ०.८ होतं, तेराव्या वर्षी १.३ आलं. दोन्ही पट्ट्याच्या आत, त्यामुळे कागदावर कुठेच लाल खूण नाही. पण तिच्या स्वतःच्या हिशेबाने ते दीडपटीहून वर गेलं होतं. शिवाय क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून. कुत्रा खंगला, मांड्या आटल्या की ते मुळातच कमी तयार होतं आणि मूत्रपिंड आहे त्यापेक्षा बरं दिसतं. मूत्रपिंडाचं काम सुमारे तीन चतुर्थांश गेल्याशिवाय हा आकडा सहसा हद्द ओलांडत नाही. २०१५ पासून एसडीएमए नावाची मूत्रपिंडासाठीची रक्ताची तपासणी मिळू लागली. ती स्नायूंवर अवलंबून नसते आणि आधी इशारा देते. म्हणून वाळत चाललेल्या कुत्र्यासाठी तिच्याबद्दल जरूर विचारा. थायरॉइडचं याच्या उलट होतं. दुसराच कुठला आजार असला तरी टी-४, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं संप्रेरक, खाली येतं, आणि नसलेल्या थायरॉइडच्या आजारावर गोळ्या सुरू होतात.

म्हणून कुत्रा सात-आठ वर्षांचा आणि ठणठणीत असताना एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवा. उद्या तुलनेला तोच कामाला येतो.

वजनाचंही तेच. चिंगी १८.४ किलोची होती, पाच महिन्यांत १६.५ झाली. दहा टक्क्यांहून जास्त वजन गेलं आणि आम्हाला डोळ्यांनी दिसलं नाही, कारण रोज बघत होतो आणि वर केस होते. दर पंधरा दिवसांनी तिला उचलून घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं. एवढंच पुरतं.

आईने वही केली. मी सांगितली म्हणून नव्हे, तिला सगळंच लिहायची सवय आहे. त्या वहीने मला माझ्या सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त सांगितलं. किती खाल्लं, किती पाणी प्यायली, रात्री किती वेळा उठली. पाणी मोजून ठेवत जा. दिवसभरात किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त जात असेल, तर मूत्रपिंड, मधुमेह, कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होणं) या दिशेने बघावंच लागतं. कुत्रा गाढ झोपेत असताना मिनिटाला श्वास किती घेतो तेही मोजा. तीसच्या आत असायला हवा. रोज रात्री वाढत चालला असेल, तर छाती तपासायची वेळ झाली.

एक गोष्ट मात्र वहीत लिहून स्वस्थ बसण्यासारखी नाही. कुत्रा अचानक कोसळतो, अर्धा दिवस मलूल पडतो आणि संध्याकाळी उठून शेपटी हलवतो. घरचे म्हणतात, चक्कर आली असेल. म्हाताऱ्या कुत्र्यात कधी कधी पोटातल्या प्लीहा या अवयवावर गाठ असते, ती थोडी फुटते, पोटात रक्त जातं, मग रक्त थांबतं आणि सांडलेलं शरीर पुन्हा शोषून घेतं, म्हणून तो सावरतो. पुढच्या वेळी सावरेलच असं नाही. ओठ वर करून हिरडी बघा. अंगठ्याने दाबली की पांढरी पडते, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. हिरडी फिकी, पोट टम्म आणि कुत्रा गळालेला असेल, तर सकाळ होण्याची वाट बघू नका.

याच्या उलटही घडतं. म्हातारा कुत्रा एका रात्रीत मान वाकडी करतो, डोळे लटलट हलतात, तोल जाऊन पडतो. बघणाऱ्याला वाटतं लकवा झाला, संपलं. पुष्कळदा तो आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो. त्याचं कारण बहुतेक वेळा सापडत नाही, आणि तरी दोन-तीन दिवसांत उतार पडतो, दोन-तीन आठवड्यांत कुत्रा चालायला लागतो. त्याच रात्री घाबरून दयामरणाचा निर्णय घ्यायला आलेली माणसं मी परत पाठवली आहेत. तपासणी करायचीच, पण कारण कळलं नाही म्हणजे आशा सोडायची, हे गणित मला मान्य नाही.

चिंगी नंतर दाराच्या मागे जाऊन उभी राहू लागली. दार उघडं असायचं, पण ती बिजागरीच्या बाजूला, फटीत तोंड घालून वाट बघायची. रात्री दोनला उठून घरभर फिरायची, आणि दिवसा झोपायची. याला कुत्र्यातला स्मृतिभ्रंश म्हणतात. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्क्यांत त्याचं किमान एक लक्षण आढळलं होतं. याची रक्ताची तपासणी नाही. बाकीची कारणं एकेक करून वगळायची आणि उरेल ते हे. पण वगळताना घाई होते. रात्री फिरणारा कुत्रा दुखतंय म्हणूनही फिरतो. पडून राहिलं की सांधे आखडतात, मग तो उठतो. म्हणून संधिवाताची शंका असेल तर मूत्रपिंड-यकृत पाहून दोन आठवडे दुखण्याचं औषध देऊन बघणं, हीसुद्धा एक तपासणीच आहे. चिंगीचं रात्रीचं फिरणं त्यानंतर निम्म्यावर आलं. म्हणजे इतके महिने तिला दुखत होतं. मी डॉक्टर, आणि ती माझ्याच घरात होती.

औषध डॉक्टरनेच द्यायचं. माणसांची आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. ‘अर्धीच दिली’ म्हणत रक्ताची उलटी करणारा कुत्रा घेऊन आलेले लोक फार प्रेमळ असतात, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

मग कारण काय होतं? हा प्रश्न मला झोपू देत नव्हता. आपण एक कारण शोधत असतो. कादंबरीतल्या खुन्यासारखं ते शेवटी सापडेल असं वाटतं. म्हाताऱ्या शरीरात पुष्कळदा चार-पाच कारणं असतात आणि एकेकटं कुठलंच पुरेसं नसतं. मूत्रपिंड थोडं थकलेलं, म्हणून थोडी मळमळ. दाताच्या मुळाशी थोडा पू, म्हणून चावायला नको. सांधे दुखतात, म्हणून ताटलीपर्यंत जायला नको. वास कमी येतो, म्हणून भूक चाळवत नाही. प्रत्येक तपासणी आपल्यापुरतं ‘विशेष काही नाही’ म्हणते, ते खरंही असतं, आणि या सगळ्याची बेरीज कुत्र्याला खाली ओढत असते. हे उमगल्यावर मी खुनी शोधणं सोडलं आणि एकेक दुखणं उचलायला लागले. मळमळीवर औषध. दात काढला. फरशीवर जुन्या सतरंज्यांचे पट्टे टाकले, कारण घसरायची भीती वाटली की कुत्रा उठतच नाही. जेवण कोमट केलं की वास सुटतो. रात्री एक दिवा. यातल्या कशालाच रोगाचं नाव लागत नाही. पुढच्या दोन महिन्यांत तिचं वजन पाऊण किलोने वाढलं.

तपासण्या कुठे थांबवायच्या? प्रत्येक तपासणीआधी मी एकच विचारते: हिचं उत्तर काहीही आलं तरी उद्या आपण वेगळं काय करणार आहोत? चिंगीचा एमआरआय करायचा तर पूर्ण भूल द्यावी लागणार होती. मेंदूत गाठ निघाली असती तरी त्या वयात मी तिला शस्त्रक्रियेला नेणार नव्हते. म्हणून नाही केला. तुम्ही असंच ठरवलंत तर कुणी तुम्हाला कंजूष किंवा निर्दयी म्हणू नये. आणि तुम्हाला जाणून घ्यायचंच असेल, कुत्र्याला ते झेपणार असेल, तर तेही रास्त आहे.

आता माणसांबद्दल, म्हणजे तुमच्याबद्दल. मेरी बेथ स्पिट्झनागेल या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दीर्घ आजारी प्राण्यांची सेवा करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी प्राणी असणाऱ्यांपेक्षा या लोकांवर ताण जास्त, खिन्नता आणि चिंताही जास्त. मला यात नवल वाटलं नाही, पण ते कुणीतरी मोजलं याचं बरं वाटलं. एका पहाटे तीनला चिंगीने चौथ्यांदा उठवलं तेव्हा मी तिच्यावर जोरात ओरडले. ती खाली मान घालून तिथेच उभी राहिली. मी तिच्याजवळ बसून रडले. दुसऱ्या दिवशी आम्ही पाळ्या लावल्या. एक रात्र मी, एक रात्र भाऊ, आणि आईला रात्रीची सुट्टी. हे आधीच करायला हवं होतं. घरात एकाच माणसावर सगळं पडलं असेल, तर तो माणूस आज इथे आलेला असण्याची शक्यता जास्त आहे. घरी जाऊन पाळ्या लावा.

आणि शेवटचं ठरवणं. डॉ. अॅलिस व्हिलालोबोस या पशुवैद्यांची एक मोजपट्टी आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर आयुष्य निभण्यासारखं आहे असं धरतात. ती भरताना घरातला प्रत्येक जण वेगळे गुण देतो आणि त्यातून बोलणं सुरू होतं, मला तिचा तोच उपयोग जास्त वाटतो. आईने तिची स्वतःची पट्टी केली होती. चिंगीच्या तीन आवडी: सकाळचं ऊन, भावाच्या चपला तोंडात धरणं, कुणी आलं की दारापर्यंत जाणं. कॅलेंडरवर रोज, जमलेल्या प्रत्येक आवडीची एक टिकली. अकराव्या महिन्यात सलग नऊ चौकोन कोरे राहिले. आई मला काही बोलली नाही. तिने कॅलेंडर काढून माझ्यासमोर ठेवलं.

दयामरण देताना काय होतं ते सांगते, कारण विचारायचं धाडस होत नाही म्हणून लोक ऐन वेळी बाहेर जाऊन उभे राहतात. आधी गुंगीचं इंजेक्शन, त्यात कुत्रा गाढ झोपतो. मग शिरेतून भुलीचं औषध फार मोठ्या मात्रेत. काही मिनिटांत श्वास आणि हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं होऊ शकतं, ती फक्त स्नायूंची हालचाल असते, त्याला काही जाणवत नसतं. हात अंगावर ठेवायचा असेल तर ठेवा. ज्यांना बघवणार नाही त्यांनी बाहेर थांबलं तरी चालेल. कुत्रा झोपेपर्यंत मात्र ओळखीचा एक आवाज जवळ असू द्या. चिंगीला इंजेक्शन मी दिलं नाही, माझ्या सहकाऱ्याला बोलावलं. मला तिचं डोकं मांडीवर घ्यायचं होतं.

मी शवविच्छेदन करून घेतलं. मला कारण हवं होतं, ते अजूनही हवं होतं. सहकाऱ्याने पान-दीड पान लिहून दिलं. मूत्रपिंडं आकसलेली, दोन्ही खुब्यांची झीज, हृदयाची झडप जराशी जाड, यकृतावर साध्या गाठी. ‘मृत्यूकडे नेणारा एकच आजार आढळला नाही.’ मी ते दोनदा वाचलं आणि आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, ‘बरं.’ मग तो कागद तिने तिच्या वहीत, शेवटच्या लिहिलेल्या पानाशी ठेवला. त्या पानावर पाण्याच्या रकान्यात तिने १२० मिली लिहिलंय आणि पुढे, ‘चमच्याने, माझ्या हातून’.