मराठी पुस्तक कमलादेवी पुरस्कारापर्यंत कसं पोचेल

(दृश्य: पुस्तकांची रास. एकेक पान उलटतं.)

कमलादेवी चट्टोपाध्याय पुस्तक पुरस्कार. बंगळूरचं न्यू इंडिया फाउंडेशन २०१८ पासून तो देतं. रक्कम १५ लाख रुपये. पुस्तक आधुनिक भारताबद्दल हवं, कथा-कादंबरी नको, आणि आदल्या कॅलेंडर वर्षात छापलेलं हवं. लेखक कुठल्याही देशाचा चालतो. २०१९ चा पुरस्कार ओर्नित शनी या इस्रायली अभ्यासक बाईंना मिळाला. प्रौढ मताधिकाराची पहिली मतदार यादी कशी तयार झाली, हा त्यांचा विषय.

२०२४ मध्ये अशोक गोपाल यांच्या आंबेडकर-चरित्राचा गौरव झाला. बाबासाहेबांचं मराठी लेखन आणि भाषणं मुळातून वाचून त्यांनी ते लिहिलं आहे. साधनं मराठी, पुस्तक मात्र इंग्रजी. कारण या पुरस्काराचं दार इंग्रजीतूनच उघडतं.

मग मराठीत लिहिलेल्या पुस्तकाचं काय? त्याला वाट आहे ती अनुवादाची. शेखर पाठक यांचा चिपको आंदोलनाचा इतिहास मूळ हिंदीतला. मनीषा चौधरी यांनी तो इंग्रजीत आणला आणि २०२२ चा पुरस्कार त्याला मिळाला. हीच संस्था दहा भारतीय भाषांतून इंग्रजीत अनुवाद करण्यासाठी पाठ्यवृत्तीही देते. मराठी त्यात आहे. पहिल्याच फेरीत विचारवंत शरद पाटील यांचं मराठी पुस्तक ‘मार्क्सवाद : फुले-आंबेडकरवाद’ निवडलं गेलं, ही आपल्यासाठी फार मोलाची गोष्ट आहे.

(दृश्य: जुन्या मराठी नियतकालिकाचं पान. तारखेवर कॅमेरा थांबतो.)

वैचारिक पुस्तकाचा अनुवाद अडतो तो सहसा वाक्यांत नाही, तपशिलात.

शकाचंच बघा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, असं आपण शाळेत शिकतो. पण गांधीहत्या शके १८६९ च्या पौषातली. बेरीज येते १९४७, आणि घटना आहे ३० जानेवारी १९४८ ची. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. महिना न पाहता बेरीज केली, की अख्खं वर्ष चुकतं.

दुसरी अडचण अवतरणांची. मूळ लेखकानं एखादा इंग्रजी अहवाल मराठीत उद्धृत केलेला असतो. अनुवादकानं तो मराठीवरून पुन्हा इंग्रजीत केला, तर अवतरणचिन्हांत येतं ते अहवालात कधी नसलेलं वाक्य. म्हणून मूळ अहवाल काढून शब्द तिथूनच उचलावे लागतात. जुन्या मराठी पुस्तकात पृष्ठ क्रमांक दिलेला नसला, तर एका अवतरणापायी दोन-दोन दिवस ग्रंथालयात जातात. अनुवादाचं वेळापत्रक आखताना हे दिवस कुणीच धरत नाही. धरायला हवेत.

‘वतन’, ‘कूळ’, ‘बलुतं’ यांना इंग्रजीत एका शब्दाचा पर्याय शोधू नये. शब्द तसाच ठेवावा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडावा, आणि पुढे त्याचं स्पेलिंग बदलू देऊ नये.

पुस्तकाच्या अखेरची सूची, म्हणजे कुठलं नाव नि विषय कुठल्या पानावर आहे त्याची यादी, शेवटीच करायची, पानं पक्की लागल्यावर. त्याआधी केली आणि नंतर एक परिच्छेद जरी सरकला, तरी पुढचे सगळे क्रमांक पुन्हा तपासावे लागतात.

(दृश्य: सूचीच्या कच्च्या प्रतीवर लाल पेन्सिल फिरते.)