बर्फातला दिवस धाकट्याच्या मापाने

श्रोतेहो, नमस्कार.

स्की रिसॉर्टला सहकुटुंब जायचं ठरलं, की घरात आधी कपड्यांची चर्चा सुरू होते. कोणाचं जाकीट आखूड झालंय, कोणाला बूट हवेत, बॅगा किती होणार. तिथे दिवसभर कोण काय करणार, हा विषय मात्र निघतच नाही. सगळे स्की करणार, हे धरूनच चाललेलं असतं. मग दुसऱ्या दिवशी दुपारी उतारावर काय दिसतं? थोरली चेअरलिफ्टसाठी, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या खुर्च्यांसाठी, अडून बसलीय, धाकटा बर्फात फतकल मारून रडतोय, आई त्याच्या स्की काखेत धरून उभी आहे आणि बाबांची नजर घड्याळावर आहे, कारण लिफ्टचा पास दिवसभराचा काढलाय आणि तो वसूल व्हायला हवा. आजी-आजोबा हॉटेलच्या खिडकीशी बसून आहेत.

मला आज सांगायचंय ते एवढंच, की बर्फातला दिवस घरातल्या सर्वांत धाकट्या माणसाच्या मापाने आखावा. थोरल्यांची हौस त्यात बसवता येते. उलटं करायला गेलं, तर कोणाचंच धड होत नाही.

हा लाडाकोडाचा प्रश्न नाही, शरीराचा आहे. लहान मुलाचा आकार छोटा, त्यामुळे वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग मोठ्या माणसापेक्षा जास्त भरतो आणि ऊब भराभर निघून जाते. त्यात ते स्लेजवर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर, नुसतं बसलेलं असेल आणि बाबा चढावर दोरी ओढत असतील, तर बाबांना घाम फुटतो आणि मूल गारठत असतं. अशा वेळी 'मला तर उकडतंय' या वाक्याला काही अर्थ नाही. मुलाचा हातमोजा काढून त्याची बोटं आपल्या हातात घेऊन बघायची. बोटं जराशी गार आहेत पण खेळ रंगात आलाय, तर थोडा वेळ आहे. खेळता खेळता ते गप्प झालं, उगाच कुरकुरायला लागलं, की आत न्यायचं. हुडहुडी भरायची वाट बघायची नाही. आणि बोटं किंवा नाकाचा शेंडा पांढुरका पडून बधिर झाला, तर चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. आत नेऊन ओले कपडे बदलायचे, बोटं कोमट पाण्यात धरायची आणि तरीही संवेदना परत आली नाही तर डॉक्टरांकडे जायचं.

कपड्यांबद्दल थोडक्यात. अंगालगत सुती काही नको. सुती कापड घाम पितं आणि ओलं राहतं. आत लोकरी किंवा सिंथेटिक, मध्ये उबदार, वर वारा आणि पाणी अडवणारं, असे तीन थर पुरतात. उंचीचाही हिशेब ठेवायचा. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण ६.५ अंशांनी गार होते. हॉटेलच्या दारात शून्य अंश असेल, तर वरच्या टोकाला काय असेल, ते घालतानाच मनात मांडा. वाऱ्याचा गारठा वेगळा. चेअरलिफ्टवर हलायलाही जागा नसते, तिथे तो जास्तच झोंबतो. हातमोज्यांची जादा जोडी मात्र खिशात हवीच. लहान मुलं हातमोजे ओले करण्यासाठीच घालतात, असं माझं ठाम मत झालंय.

आता शिकण्याचं. स्की शिकवणारा प्रशिक्षक परका असलेलाच बरा. आई-बाबांना उत्तम स्की येत असेल तरीसुद्धा. आपल्या मुलाला शिकवताना आपला आवाज फार लवकर चढतो आणि मुलालाही आपल्यासमोर रडणं सोपं जातं. प्रशिक्षकासमोर तेच मूल निमूट उठून उभं राहतं. नवशिक्यांच्या उतारावर बहुतेक ठिकाणी जमिनीलगत सरकता पट्टा असतो. त्यावर उभं राहिलं की तो वर नेऊन सोडतो. पहिल्या दिवशी तेवढंच पुरे. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा त्रिकोण करून वेग मारायला आला, की लहान मुलाने अर्धा गड जिंकला.

बुटांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा, कारण पहिल्या दिवसाचं निम्मं रडणं बुटांचं असतं. मोजा एकच घालायचा. दोन घातले की चुण्या पडतात आणि पाय दाबला जाऊन उलट गार पडतो. बूट घालून सरळ उभं राहिलं, तर पायाची बोटं पुढे टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवून नडगी पुढे रेलली की बोटं जरा मागे सरकली पाहिजेत. म्हणजे माप बरोबर. 'वाढत्या अंगाचे' म्हणून एक नंबर मोठे बूट घेण्याची आपली सवय इथे चालत नाही. सैल बुटात पाय हलतो, पण स्की वळत नाही.

बाइंडिंगची गोष्टही सांगितली पाहिजे. बूट स्कीला धरून ठेवणारी ती कळ, पडल्यावर योग्य वेळी सुटली नाही, तर पायाला आणि गुडघ्याला पीळ पडतो. ती किती जोराला सुटावी, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि चालवणाऱ्याची तयारी बघून दुकानातला माणूस लावून देतो. तेव्हा दुपारी भावा-बहिणीने हौसेने स्की बदलून घेतल्या, तर ती गंमत नाही. आणि स्वतःचं वजन सांगताना तिथे तरी पाच किलो कमी सांगू नका.

उतारांना रंग असतात. युरोपात निळा सोपा, तांबडा मध्यम, काळा अवघड. काही देशांत निळ्याच्याही आधी हिरवा. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, पत्त्यांतल्या चौकटसारखा काळा आकार अवघड. म्हणजे एका ठिकाणी निळ्यावर मजेत उतरलेलं मूल दुसऱ्या खंडात निळ्यावर घाबरू शकतं. शिवाय हे रंग त्या त्या रिसॉर्टपुरते असतात. सकाळी गोठून टणक झालेला सोपा उतार, दुपारच्या मऊ बर्फातल्या मध्यम उतारापेक्षा जास्त दमवतो.

उतारावर वागायचे नियमही आहेत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने ते १९६७ मध्ये केले आणि त्यातला एक तर मुलांना तोंडपाठ हवा: मागून, म्हणजे वरून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं. पुढचा कसाही वळो, धडक टाळायची जबाबदारी वरच्याची. थांबायचं ते कडेला आणि वरून दिसेल अशा जागी. चढामागे किंवा अरुंद वाटेत थांबून घरच्यांचा फोटो काढणारे आपल्यातही असतात, त्यांनी ही ओळ दोनदा ऐकावी. डोक्यावर हेल्मेट सगळ्यांच्या. मुलांना सक्ती आणि आपण कानटोपीत, असं केलं की मुलं दुसऱ्याच दिवशी वाद घालतात.

लिफ्टच्या रांगेत मुलं कंटाळतात, तिथे सांगायला एक गोष्ट आहे. जगातली पहिली चेअरलिफ्ट १९३६ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, सन व्हॅलीला सुरू झाली. ती सुचली जेम्स करन नावाच्या इंजिनिअरला, जहाजात केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून. घडांच्या आकड्यांच्या जागी खुर्च्या आल्या. हे ऐकल्यावर रांगेतली मुलं एकमेकांना केळी म्हणायला लागतात, याची तयारी ठेवा.

घरात वयात आलेलं कोणी असेल, तर त्याला बहुधा स्की नकोच असते, त्याला स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय बांधून उतरायची एकच रुंद फळी, हवा असतो. हरकत नाही. त्या खेळाचा उगम एका घरातलाच आहे. १९६५ च्या नाताळात, मिशिगनमधल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन या इंजिनिअरने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या, म्हणजे त्यांना आडवं उभं राहून टेकडी उतरता येईल. त्याच्या बायकोने त्याला नाव दिलं 'स्नर्फर'. ते खेळणं पुढे बाजारात आलं, इतरांनी त्यात सुधारणा केल्या आणि १९९८ मध्ये नागानोच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्ड दाखल झाला. पण तुमच्या चिरंजीवांना एक आधी सांगून ठेवा: स्नोबोर्डचा पहिला दिवस बसण्याच्या जागेवर आणि मनगटांवर जातो. मनगटांना संरक्षक पट्टे घ्या.

एवढं स्कीपुराण सांगितलं खरं, पण मला विचाराल तर सगळ्या घराने एकत्र करायची गोष्ट स्लेजच आहे. शिकावं लागत नाही, वय लागत नाही, आणि नातू आजोबांना हरवू शकतो. तिचाही मोठा इतिहास आहे. १८८३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डावोस ते क्लोस्टर्स अशी आंतरराष्ट्रीय स्लेज शर्यत झाली, तेव्हा एक ऑस्ट्रेलियन विद्यार्थी आणि तिथलाच एक पोस्टमन बरोबरीत पहिले आले. रोज त्याच डोंगरात टपाल वाटणाऱ्या माणसाला हरवणं सोपं नसणारच.

पण स्लेजला कोणी गांभीर्याने घेत नाही, आणि तिथेच घात होतो. स्कीच्या उतारावर स्लेज न्यायची नाही. तिच्यासाठी राखलेली वाट असते. झाडं, खांब, कुंपण, रस्ता यांपासून दूर, आणि खाली आपोआप वेग मरेल इतकी सपाट जागा हवी. बसायचं पाय पुढे करून. डोकं पुढे करून पालथं पडायचं नाही, कितीही मजा वाटली तरी. लहान मूल मोठ्याच्या पुढ्यात बसतं, तेव्हा त्याचे पाय स्लेजच्या आत आहेत ना, हे बघा. मोठ्याने ब्रेकसाठी पाय टेकला आणि मुलाचाही टेकला, तर मुलाचा मुडपतो.

आणि नुसतं बर्फात खेळणं! त्याला तिकीट नाही, म्हणून आपण त्याची गणती करत नाही. बाहुला करायचा असेल तर हवा शून्याच्या आसपास असलेला दिवस निवडा. बर्फात किंचित ओल असते आणि गोळा वळतो. फार थंडीत तोच बर्फ कोरडा, साखरेसारखा होतो, मुठीत धरत नाही आणि पायाखाली करकरतो. त्या दिवशी बाहुल्याचा हट्ट सोडून हिमकण बघायचे. गडद रंगाचा हातमोजा बाहेर गार होऊ द्यायचा, त्यावर पडणारे कण भिंगातून बघायचे, श्वास रोखून. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टमधल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो घेतला आणि मग आयुष्यभरात पाच हजारांवर फोटो काढले. मुलांना सहा बाजू मोजता येतात, तेवढं पुरतं. किल्ला बांधा, भिंती बांधा, पण बर्फाच्या ढिगात बोगदा खणू देऊ नका. छत कोसळतं आणि आतलं मूल बाहेरून दिसत नाही. रस्त्याकडेच्या ढिगांवर बर्फ लोटणारं यंत्र येतं, ते ढीग तर वर्ज्यच.

ऊन विसरू नका. हजार मीटरमागे अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. म्हणून क्रीम हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावायचं. ढगाळ दिवशीही चष्मा हवा. डोळे भाजलेले लगेच कळत नाहीत, काही तासांनी रात्री चुरचुरायला लागतात आणि मूल झोपत नाही.

खांबांच्या आणि दोऱ्यांच्या बाहेर मात्र कोणीही जायचं नाही. तिथे कोणाच्या तरी स्कीच्या खुणा दिसतात, त्यामुळे मोह होतो. खुणा असल्या म्हणजे हिमकडा कोसळणार नाही, असं नसतं.

राहिले आजी-आजोबा. त्यांना गोंडोलातून, म्हणजे तारेवरच्या बंद डब्यातून, वर न्या, दुपारी, ऊन असताना. सपाट, मळलेल्या वाटेवर चालायला काठ्या द्या. वरचं स्टेशन २५०० मीटरच्या पुढे असेल, तर पहिल्याच दिवशी नको. एक-दोन दिवस खाली राहून मग जा, पाणी पीत राहा, आणि डोकं दुखून मळमळायला लागलं तर उतरा. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारलेलं असू दे. वर पोचल्यावर दुसरं काही करायच्या आधी पाटी वाचा: खाली येणारी शेवटची फेरी किती वाजता आहे ते. वारा वाढला की गोंडोला वेळेआधीही बंद करतात, म्हणून शेवटच्या फेरीसाठी थांबू नका. तिच्या आधीची धरा.

नमस्कार.