लॉकरच्या करारातील किल्लीची कलमे

सभासदहो, बँकेच्या लॉकरविषयी बोलताना आपली गाडी सहसा भाडे, प्रतीक्षायादी आणि नामनिर्देशन यांच्यापुढे जात नाही. आज मी मुद्दाम करारनाम्यातील किल्लीसंबंधीच्या कलमांपुरतेच बोलणार आहे. लॉकरमधील ऐवजाबद्दल वाद उभा राहिला, की किल्ली कोणाच्या ताब्यात होती आणि ती कोणी, कधी, कोणासमोर वापरली, याचीच विचारणा आधी होते.

नेहमीच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात. बँकेचा अधिकारी आधी आपली मास्टर किल्ली फिरवतो, मग लॉकरधारक स्वतःची लावतो. दोघांपैकी एकट्याला लॉकर उघडता येत नाही. ऐवज गहाळ झाल्यास जबाबदारी नाकारणारा बँकांचा वर्षानुवर्षांचा बचाव या रचनेवरच उभा होता. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 148 नुसार निक्षेप (बेलमेंट, म्हणजे परत मिळण्याच्या बोलीवर वस्तू सोपवणे) होण्यासाठी वस्तू विशिष्ट हेतूने दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी लागते, आणि कलम 151 नुसार ती घेणाऱ्याने, सामान्य शहाणपणाचा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशा वस्तूची घेईल तेवढी, तिची काळजी घ्यावी लागते. बँकांचे म्हणणे असे, की आत काय आहे हे आम्हाला ठाऊक नाही, ग्राहकाच्या किल्लीशिवाय आम्हाला ते उघडताही येत नाही, तेव्हा वस्तू आमच्या ताब्यात आली असे म्हणायचे कसे?

अमिताभ दासगुप्ता विरुद्ध युनायटेड बँक ऑफ इंडिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 19 फेब्रुवारी 2021 रोजी ही पळवाट अरुंद केली. कोलकात्याच्या देशप्रिय पार्क शाखेतील लॉकर भाडे थकल्याच्या कारणावरून 1994 मध्ये फोडला गेला होता. भाडे मात्र भरलेले होते. ग्राहकाला हे कळले ते पुढच्या वर्षी. सात दागिने होते असे त्याचे म्हणणे, परत मिळाले दोन. निक्षेपाचा कायदा लागू होवो वा न होवो, लॉकरची यंत्रणा नीट सांभाळण्याची व चालवण्याची बँकेची स्वतंत्र जबाबदारी आहे, असे न्यायालयाने ठरवले, पाच लाख रुपये भरपाई आणि एक लाख रुपये खर्च देववला, आणि रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करायला सांगितले. त्यानुसार 18 ऑगस्ट 2021 रोजी सुधारित सूचना निघाल्या व त्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झाल्या. आपल्यापैकी अनेकांना जुना करार बदलून नव्याने सह्या कराव्या लागल्या, त्या यामुळेच.

या सूचनांत बँकेच्या बाजूच्या किल्ल्यांबद्दल बरेच तपशील आहेत. मास्टर किल्ल्या संयुक्त ताब्यात असल्याची नोंद हवी, त्यांची दुसरी प्रत त्याच बँकेच्या अन्य शाखेत ठेवायची, रिकाम्या लॉकरांच्या किल्ल्या मोहोरबंद पाकिटात ठेवायच्या आणि त्यांची अचानक तपासणी त्या ताब्याशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याने करायची. ग्राहकाला दिलेल्या किल्लीवर बँकेचा किंवा शाखेचा ओळख-संकेत कोरलेला असावा, म्हणजे ती कुठे सापडली तर कोणत्या बँकेची हे यंत्रणेला समजावे. लॉकरचा क्रमांक किल्लीवर असण्याचे त्यासाठी काही कारण नाही. आपण मात्र हौसेने तोच क्रमांक चिठ्ठीवर लिहून किल्लीला दोऱ्याने बांधतो! ही चिठ्ठी आजच काढावी.

आता किल्ली हरवल्याचे कलम. लॉकरधारकाने बँकेला लगेच कळवायचे आणि हरवलेली किल्ली पुढे सापडली तर ती बँकेकडे जमा करीन, असे हमीपत्र द्यायचे. उघडण्याचा, कुलूप बदलण्याचा व नवी किल्ली देण्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो. परंतु लॉकर फोडायचा, तर लॉकरधारकाची ओळख पटवून, किल्ली हरवल्याची रीतसर नोंद करून आणि त्याची लेखी संमती घेऊनच. ते कामही त्याच्या व बँकेच्या अधिकाऱ्याच्या समोर, शेजारच्या लॉकरांना धक्का न लावता आणि आतला ऐवज दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा रीतीने व्हायला हवे. बँकेने हे पैसे किती लागतील ते ग्राहकाला कळवणे अपेक्षित आहे. ती रक्कम गरज पडण्याआधीच विचारून ठेवलेली बरी.

इथे भरपाईचे कलम शेजारी ठेवून वाचावे लागते. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झाले, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट एवढी धरली आहे. भाडे चार हजार असेल तर चार लाख. आत चाळीस लाखांचे सोने असले तरी चारच. नैसर्गिक आपत्तीत, किंवा केवळ ग्राहकाच्या चुकीने अथवा निष्काळजीपणाने झालेल्या नुकसानीत तेवढेही मिळत नाही. किल्ली हरवल्याचे दोन-दोन महिने न कळवणे म्हणजे, माझ्या मते, निष्काळजीपणाचा हा आक्षेप आपणच बँकेच्या हाती देणे होय.

लहान गावांतून एक पद्धत अजून दिसते. ओळखीच्या अधिकाऱ्याला म्हणायचे, “साहेब, किल्ली तुमच्याच ड्रॉवरमध्ये राहू द्या, घरी हरवते.” दोन किल्ल्यांच्या रचनेचा सगळा अर्थच यात निघून जातो. पुढे काही उणे झाले तर त्या भल्या माणसालाही स्वतःचा खरेपणा दाखवायला काही आधार उरत नाही. लॉकरला जास्तीचे कुलूप लावण्याची सोय असेल, तर स्वतःचे कुलूप लावायला मुभा आहे. विश्वास कमी पडत असेल त्यांनी ती वापरावी.

लॉकर सोडताना किल्ली नुसती काउंटरवर ठेवून निघू नये, ती परत केल्याची सही-शिक्क्याची पोच घ्यावी. परत आलेल्या लॉकरचे कुलूप अदलाबदल करून मगच तो पुढच्या ग्राहकाला देण्याची कार्यपद्धती बँकेने ठेवायची असते, त्यामुळे नवा लॉकर घेणाऱ्यानेही हे कुलूप बदलले का, असे शाखेत निःसंकोच विचारावे. दोन्ही बाजूंच्या सह्या असलेल्या कराराची प्रत आपल्याला मिळायला हवी. अनेकांकडे ती नाही असे मला आढळते. ती मागून घ्या आणि किल्लीची कलमे तीत नेमकी कोणत्या शब्दांत आहेत ते घरी निवांत वाचा; शंका राहिली तर सभेनंतर मी इथेच आहे.