नॅसवर नेमकं काय पोचतं?

घरच्या फोटोंच्या बॅकअपचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी, कुठला घेऊ? दोन डिस्कचा साधा घ्या. डिस्क सीएमआर प्रकारच्या (माहितीच्या पट्ट्या शेजारी शेजारी असलेल्या) घ्या; एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या) डिस्कवर सलग लिहीत राहिलं की वेग कोसळतो, आणि एक डिस्क बदलल्यावर दुसरीवरून भरणी व्हायला फार वेळ लागतो. खोक्यावर हे छापलेलं असेलच असं नाही, म्हणून मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत ताडून बघा. पेटीचं एवढं पुरे. त्या पेटीत मूळ फोटो जातोय की त्याची छोटी प्रत, हे मात्र नीट बघावं लागतं.

आयफोनवर आणि मॅकवर ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल तर मूळ फोटो आयक्लाउडवर राहतो आणि यंत्रात उरते ती हलकी प्रत. फोटो लायब्ररी उचलून नॅसवर ठेवली, कॉपी शंभर टक्के झाली, तरी मूळ फोटो त्यात नाहीतच! म्हणून आधी ‘डाउनलोड ओरिजिनल्स’ निवडा, सगळं उतरेपर्यंत थांबा, फोटोज ॲप बंद करा आणि मगच कॉपी करा. मॅकची लायब्ररी नॅसवर ठेवून तिथूनच उघडण्याच्या फंदात पडू नका. तिच्या पोटात डेटाबेस असतो आणि नेटवर्क मध्येच तुटलं तर तो बिघडू शकतो.

अँड्रॉइडवाल्यांची अडचण वेगळी. गूगल फोटोजमधलं ‘फ्री अप स्पेस’ दाबलं असेल तर फोनवर काही उरलेलंच नसतं आणि नॅसच्या ॲपला उचलायला काही सापडत नाही. ते फोटो गूगल टेकआउटमधून (गूगलकडचा आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) मागवावे लागतात; तिथे फाइलचा आकार ५० जीबी निवडा, नाहीतर दोन-दोन जीबीच्या झिप फायलींचा ढीग येतो. १ जून २०२१पूर्वी अमर्याद फुकट जागा होती ती ‘हाय क्वालिटी’ची, म्हणजे दाबून लहान केलेल्या फोटोंची. त्या काळातल्या फोटोंची मूळ फाइल जुन्या फोनमध्ये किंवा मेमरी कार्डात असेल तर ती आधी शोधा.

पहिली कॉपी वायफायवरून नको. केबल लावा, पण राउटरचं पोर्टही बघा. ब्रॉडबँडवाल्यांनी दिलेल्या कित्येक राउटरांची पोर्टं १०० मेगाबिटचीच असतात. त्यावर सेकंदाला फार तर ११ एमबी जातात, म्हणजे ५०० जीबीला साडेबारा तास. गिगाबिटवर तेच काम सव्वा तासाचं, फायली बारीक असल्या तर आणखी थोडं. पोर्ट गिगाबिटचं असूनही वेग ११वरच अडकला तर केबल संशयित धरा. आठांपैकी चारच तारा धड असल्या तरी जोडणी चालते, पण १००वर.

आता खास आपल्या मराठी नावांचं दुखणं. सिनॉलॉजी या कंपनीच्या नॅसवर एनक्रिप्ट केलेल्या शेअर्ड फोल्डरमध्ये नावाला १४३ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘आईच्या’ म्हणजे १८ बाइट. ‘आईच्या साठीच्या कार्यक्रमाचे फोटो पुण्याच्या हॉलमधले’ हे फोल्डरचं नाव होतं १४६ बाइटांचं, आणि तिथे कॉपी अडते. दुसरी गंमत ‘वऱ्हाड’ची. जुन्या एचएफएस-प्लस पद्धतीच्या मॅक डिस्कवर ‘ऱ’ हा र अधिक नुक्ता असा फोडून साठवला जातो. विंडोजवरून टाइप केलेला तो एकसंध असू शकतो. नॅसच्या लिनक्सला ही दोन वेगळी नावं वाटतात. आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने कॉपी केली तर एकाच लग्नाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसतात. नाव तारखेने सुरू करा, आटोपशीर ठेवा.

दोन डिस्कचं रेड-१, म्हणजे दोन्हींवर एकच माहिती एकाच वेळी लिहिणं, हे बॅकअप नव्हे. मुलाने फोल्डर उडवला की तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो. त्यासाठी स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळची फोल्डरची गोठवलेली स्थिती, हवेत: रोजचे ३० दिवस, महिन्याचे वर्षभर. स्वस्त मॉडेलांत ही सोय नसते, घेण्याआधी विचारा. नॅस थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका. २०२२मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने असेच उघडे क्यूनॅप कंपनीचे नॅस गाठून फायली कुलूपबंद केल्या. राउटरमधलं यूपीएनपी (बाहेरून आत यायची वाट आपोआप उघडून देणारी सोय) बंद ठेवा. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका. बॅटरी संपत आल्याचं तो नॅसला सांगत नाही; यूएसबीने जोडलेला छोटा यूपीएस सांगतो आणि नॅस स्वतःहून नीट बंद होतो.

तिसरी प्रत यूएसबी डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. दर सहा महिन्यांनी ती आणून, नॅसला हात न लावता, दुसऱ्या संगणकावर एखाद्या वर्षाचे फोटो परत उतरवा: फायली मोजा, एक व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा, तारखा बघा. ती प्रत सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअप या प्रोग्रॅमच्या आवृत्त्या ठेवणाऱ्या पद्धतीने घेतली असेल तर साध्या संगणकावर फोटो दिसणारच नाहीत, हायपर बॅकअप एक्सप्लोरर लागेल. तो आजच उतरवून ठेवा, आणि पासवर्ड कागदावर लिहून त्याच डिस्कच्या डब्यात नव्हे, दुसरीकडे ठेवा.