पगारी चाचे, ड्रेसिंग गाऊन आणि काळी दाढी

(पडद्यावर: कॅरिबियन समुद्र, शिडाचं एक गलबत. लाटांचा आवाज.)

चाचेगिरीची साधी रीत म्हणजे दुसऱ्याचं जहाज पळवायचं. बार्बाडोस बेटावरच्या स्टीड बॉनेटने 1717 मध्ये ते विकत घेतलं. त्यावर दहा तोफा चढवल्या, सत्तरेक माणसं नेमली आणि त्यांना चक्क पगार ठरवून दिला. आता चाच्याला कुठे पगार असतो? त्याला लुटीत वाटा असतो. पण बॉनेटसाहेब पडले जमीनदार. चारशे एकरांहून मोठी जमीन, ती कसायला गुलाम, घरी बायको आणि लहान मुलं. समुद्राचा अनुभव शून्य.

गलबताचं नाव ठेवलं ‘रिव्हेंज’, म्हणजे सूड. कुणावर, ते कुणालाच कळलं नाही. 1724 मध्ये लंडनमध्ये चाच्यांच्या चरित्रांचं एक पुस्तक निघालं, त्यात लोकांमधली चर्चा दिली आहे: संसाराच्या कटकटींनी गड्याचं डोकं फिरलं. घरातून बाहेर पडायला लोक वारीला जातात, हिमालयात जातात. हा चाचा झाला!

(पडद्यावर: नासाउ बंदराचा जुना नकाशा.)

पुढे एका स्पॅनिश युद्धनौकेशी गाठ पडली आणि बॉनेट चांगलाच जखमी झाला. तशा अवस्थेत बहामा बेटांवरच्या नासाउ बंदरात त्याला भेटला एडवर्ड थॅच, उर्फ ब्लॅकबिअर्ड. छातीवर पिस्तुलांचा पट्टा, रिबिनी बांधलेली दाढी, आणि लढाईच्या वेळी टोपीखाली धुमसणाऱ्या वाती, अशी त्याची वर्णनं आहेत. त्याने ‘रिव्हेंज’ची सूत्रं हातात घेतली. आणि मालक? बोस्टनच्या वर्तमानपत्राने त्याच वर्षी बातमी दिली, की मेजर बॉनेट सकाळच्या गाऊनमध्ये डेकवर फेऱ्या मारतात आणि मग आपल्या पुस्तकांत रमतात. जहाजावर त्यांचा चांगला ग्रंथसंग्रह आहे. म्हणजे एकीकडे तोफा ठासल्या जातायत, आणि मधून हा गाऊनवाला पुस्तक घ्यायला चाललाय.

अलीकडे एका अमेरिकी विनोदी मालिकेने याच जोडीची प्रेमकथा रचली आणि जगभरच्या क्वीअर प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. प्रेमाचा पुरावा इतिहासात नाही, हे सरळ सांगून टाकू. पण भांडणाचा आहे! 1718 च्या वसंतात बॉनेटला एक व्यापारी जहाज काही केल्या लुटता आलं नाही. त्याची माणसं वैतागून ब्लॅकबिअर्डकडे गेली. ब्लॅकबिअर्डने ‘रिव्हेंज’वर आपला माणूस बसवला आणि बॉनेटला सांगितलं, तुला या दगदगीची सवय नाही, तू आपला माझ्या जहाजावर आरामात राहा. यात प्रेम शोधायचं की अपमान, ते तुम्ही ठरवा. मला दोन्ही दिसतं.

जूनमध्ये बॉनेट चाचेगिरीची सरकारी माफी मिळवायला नॉर्थ कॅरोलिनातल्या बाथ गावी गेला. परत येऊन बघतो तर ब्लॅकबिअर्ड सगळी लूट घेऊन पसार. बॉनेटने पाठलागही केला, पण पुन्हा गाठ पडली नाही. सप्टेंबरमध्ये केप फिअर नदीत सरकारी गलबतांनी त्याला घेरलं, आणि दोन्ही पक्षांची गलबतं वाळूत रुतून बसली. भरती येईपर्यंत तासन् तास जागेवरूनच गोळीबार! पकडला गेल्यावर तो चार्ल्सटनच्या कैदेतून निसटला, बायकी वेश करून म्हणतात. पुन्हा सापडला. 10 डिसेंबरला फाशी. ब्लॅकबिअर्ड त्याच्या अठरा दिवस आधी लढाईत मारला गेला होता.

(पडद्यावर: खांदेरीचा किल्ला.)

त्याच वर्षी आपल्याकडे मुंबईकर इंग्रज कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर चालून गेले आणि हात हलवत परत आले. मराठ्यांच्या या सरखेलालाही इंग्रजी कागद चाचाच म्हणतात. तेव्हा चाच्यांचं वर्णन वाचताना आधी कागद कुणाचा, ते बघावं.

सतराव्या शतकात हिस्पॅनिओला आणि टॉर्टुगा बेटांवरच्या बुकेनिअर, म्हणजे शिकारी-चाचे, लोकांत ‘मातलोताज’ नावाची प्रथा होती. दोन पुरुष एकत्र राहायचे, मिळकत सामाईक ठेवायचे, एक गेला की त्याचं सारं दुसऱ्याला. यात प्रेम किती आणि व्यवहार किती, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. लग्नाबद्दल तरी कुठे आहे?

(पडद्यावर: जमैकाचा किनारा. एक होडी.)

आणि मग अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड, चाचेगिरी करणाऱ्या दोन बायका. 1724 च्या त्याच पुस्तकात गंमत दिली आहे: कॅप्टन रॅकमच्या जहाजावर अ‍ॅनचं एका देखण्या खलाशावर मन बसलं. तो खलाशी म्हणजे पुरुषवेशातली मेरी. मेरीने गुपित सांगितलं, तरी दोघींची जवळीक वाढतच गेली. इकडे अ‍ॅनचा प्रियकर रॅकम जळून लाल! शेवटी त्यालाही गुपित सांगावं लागलं. हा प्रसंग खटल्याच्या कागदांत नाही, लेखकाने फोडणी दिली असणार.

पण खटल्याचे कागदही काही कमी रंगतदार नाहीत. नोव्हेंबर 1720, जमैका. साक्षीदार डोरोथी थॉमस, जिची होडी या टोळीने लुटली होती. ती सांगते: दोघींच्या अंगात पुरुषी जाकिटं, लांब विजारी, डोक्याला रुमाल, हातात कोयता आणि पिस्तूल. छातीवरून ओळखलं, की या बायका आहेत. आणि त्या पुरुषांना शिव्या घालून सांगत होत्या, हिला मारून टाका, नाहीतर उद्या ही आपल्याविरुद्ध साक्ष देईल.

पुरुषांनी ऐकलं नाही. डोरोथीबाईंनी साक्ष दिली, दोघींना फाशीची शिक्षा सुनावली गेली. त्यावर दोघी म्हणाल्या, आम्ही गरोदर आहोत. न्यायालयाने फाशी थांबवली आणि आधी तपासणी करा, असा हुकूम दिला.